उलटा पीळ

देवीचा हार दुरुस्तीसाठी घरी आला त्याला आज नववा दिवस होता, आणि या नऊ दिवसांत दादा तीनदा भरल्या ताटावरून उठून गेले होते. चौथ्यांदा ताट वाढायला त्यांच्या बायकोने, वहिनींनी, साफ नकार दिला.

"भूक लागली की येतील, मांजरासारखे," त्या म्हणाल्या आणि भांड्यावर झाकण ठेवून मोकळ्या झाल्या.

दादांचा कारखाना म्हणजे घराची मागची खोली. उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून लाकडी बाक. बाकाच्या कडेला माणसाचं पोट बसेल एवढा अर्धगोल कापलेला, आणि त्याखाली सोन्याचा कीस झेलायला चामड्याची झोळी. या अर्धगोलात आधी दादांचे वडील, अण्णा, बसले, मग गेली चाळीस वर्षं दादा. आता दादांच्या शेजारी स्टुलावर बारकी बसली होती. दादांची एकुलती एक मुलगी. चौतिसाव्या वर्षीही घरात सगळ्यांसाठी बारकीच. संग्रहालयात जुन्या दागिन्यांची निगा राखायची नोकरी होती तिची. आठ दिवसांची रजा काढून, संग्रहालयातलं सूक्ष्मदर्शक पाठीवर घेऊन ती बापाच्या मदतीला आली होती.

दोघांच्या मधे मखमलीवर हार. तीनशे वर्षांपूर्वी कुणा अनामिक कारागिराने तो घडवला तेव्हा त्याने सुईच्या टोकाएवढी जागासुद्धा मोकळी ठेवली नव्हती. मधोमध कमळ, कमळाच्या दोन्ही बाजूंना मान वळवलेले मोर, मोरांच्या शेपट्यांतून फुटलेल्या वेली, वेलींत पोपट, पोपटांच्या चोचीत फळं, फळांवर खसखशीएवढे सोन्याचे रवे. खालच्या काठाला मोत्यांचे घोस. मागची बाजू कुणाला कधी दिसायची नाही, पण तिथेही त्याने हिरव्या-लाल मिन्याची फुलं भरली होती.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी देवळाला आग लागली आणि हाराची डावी बाजू वितळून तिचा गोळा झाला. अण्णांनी आठ महिने खपून ती बाजू पुन्हा उभी केली. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे कुणाला सांगता येईना, तेव्हापासून अण्णांचं नाव झालं. पुढच्या दुकानाच्या पाटीवर आजही त्या हाराचंच चित्र आहे. आता देऊळ एक नवं दालन बांधत होतं. हार तिथे काचेत ठेवायचा, शेजारी अण्णांची हकीकत लावायची. देवळाचे चिटणीस आज चार वाजता ती हकीकत पक्की करायला यायचे होते. आणि डाव्या बाजूची तीन पानं अजून तुटलेलीच होती. दादांनी नऊ दिवसांत अकरा पानं केली. एकही शेजाऱ्यांत मिसळेना. कुठलंही ठेवलं की परक्या मुलुखातल्या पाहुण्यासारखं दिसायचं.

"दादा, जरा इथे डोळा लावा," बारकी म्हणाली.

"नऊ दिवस दुसरं काय करतोय?"

"लावा तर खरं. ही जुनी बाजू, उजवी. तारेचा पीळ कुठे झुकतोय?"

वेलीची प्रत्येक रेघ दोन बारीक तारा एकमेकींत वळून केलेली होती, दोरीसारखी. दादांनी पाहिलं. "उजवीकडे. आपल्या सगळ्यांचाच तसा पडतो."

"आता डावी बघा."

दादांनी पाहिलं. डोळा बाजूला करून काच पुसली. पुन्हा पाहिलं. 

"उलटा आहे," ते म्हणाले.

"सगळीकडे उलटा. आगीनंतर जेवढं नवं केलंय तेवढं सगळं. वर रवे बसवलेत म्हणून नुसत्या डोळ्याला कळत नाही, पण उजेड वेगळा पडतो. म्हणून तुमची पानं जुळत नाहीत. वेलींवरचे हातोडीचे ठोकेसुद्धा दुसऱ्या बाजूने आलेत. दादा, आजोबा डावखुरे होते?"

"अण्णा? त्यांना डाव्या हाताने चहाचा कप धरता यायचा नाही."

 आतल्या खोलीतून कात्रीचा आवाज येत होता. अण्णांची बहीण, आत्या, जुन्या चादरीच्या पिशव्या बेतत होती. तिची ती कात्री घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला कधी चालली नाही. डाव्या हाताची कात्री होती ती.

*

भाऊ पुढचं दुकान अर्धं बंद करून आले. दादांपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण बोलण्यात वीस वर्षांनी मोठे. त्यांनी बारकीचं सगळं ऐकून घेतलं, एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावले, त्यांना काही दिसलं नाही, तरी मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. "आता हे इथेच ठेवायचं. चार वाजता तो माणूस येणार, हकीकत लिहून नेणार. आपण पीळबीळ काढत बसायचं नाही."

"काका, देवळासाठी मी खोटा अहवाल नाही लिहू शकत."

"खोटा कोण म्हणतंय? नुसता आखूड लिही."

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी हात पदराला पुसले. "आत्याबाईंना विचाराल की नाही कुणी? घरात बसल्यात त्या, आतल्या खोलीत. काही गेलेल्या नाहीत अजून."

"वहिनी, त्यांचं वय शहाऐंशी. कशाला उगाच—"

"वय झालं म्हणून काय माणूस सामान होतं?" वहिनी म्हणाल्या आणि हाक मारायला आत गेल्यासुद्धा.

आत्या आली ती भिंतीला हात लावत आली. तिच्या डोळ्यांपुढे गेली चार वर्षं धूर असल्यासारखं झालं होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसट. खोलीत आल्याबरोबर तिने ओळखलं की मखमलीवर काहीतरी आहे. सोन्याचा वास नसतो असं लोक म्हणतात. तिला तो यायचा.

"आत्या," दादा म्हणाले, "हाराची डावी बाजू कुणी केली?"

तिच्या मनात आधी काय आलं असेल तर एवढंच, की चला, झालं एकदाचं. मग तिला भीती वाटली, स्वतःची नव्हे, अण्णाची. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही.

"अण्णाने केली," ती म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत आहे."

"पीळ उलटा आहे."

"असेल. आगीत गेलं ना सगळं."

"सुंभ जळतो, आत्याबाई," वहिनी मागून हळूच म्हणाल्या. "पीळ नाही जळत."

आत्याला हसू आलं. हसू आलं की तिला खोटं बोलता यायचं नाही, लहानपणापासूनची खोड. तिने स्टूल चाचपलं आणि बसली.

"तुमची आई गेली त्याच वर्षी लागली आग," ती दादा-भाऊंना म्हणाली. "तू चार वर्षांचा, हा दोनचा. मी सासरहून परत येऊन वर्ष झालेलं. अण्णाने काम घेतलं खरं, पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तसा तो ठोकीव कामाचा माणूस. पत्र्यातून मोर उठवावा तर त्यानेच. पण तारेला मऊ हात लागतो, आणि त्या वर्षी त्याच्या हातात मऊ असं काही उरलंच नव्हतं. महिनाभर तार तोडत होता. एका दुपारी बाकावर डोकं टेकून झोपला, तेव्हा मी एक पान करून ठेवलं. गंमत म्हणून. लहानपणी बापाशेजारी बसून शिकले होते सगळं, पुढे कुणी विचारलं नाही एवढंच."

"मग?" बारकीने विचारलं.

"उठला. पान बघितलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तारेचं भेंडोळं आणून माझ्यापुढे ठेवलं आणि दार लावून घेतलं. आठ महिने असंच. तार मी वळायची, रवे मी बसवायची, डाख देऊन सगळं सांधायचा तो. डाख त्याच्यासारखा कुणी दिला नाही हो, ते मात्र लिहा कुठेतरी. डावा मोरही त्याचाच."

"आणि कधी बोलला नाहीत त्यावर?"

"काय बोलायचं? त्याला लाज वाटत होती. मला त्याची लाज बघवत नव्हती."

बारकीने डोळे पुसले. भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता दादा उठून आत्याच्या पाया पडतील. दादा उठले. पण ते भिंतीवरच्या फळीकडे गेले आणि तिथला एक लहान डबा उचलून त्यांनी बाकावर पालथा केला. वीस-पंचवीस तुकडे खळखळत पडले. पानं, फुलं, अर्धवट पक्षी.

"हे माझे," दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच वहिनी घाबरल्या. "एकोणिसाव्या वर्षापासूनचे. प्रत्येक तुकडा अण्णांना दाखवलाय. आणि प्रत्येक वेळी त्यांनी काय म्हणावं? 'बरं आहे. हारासारखं नाही.' मरायच्या आधी आठ दिवस मी त्यांना एक पोपट दाखवला. तेव्हाही तेच. 'हारासारखं नाही.' चाळीस वर्षं मी या खोलीत बसून स्वतःला सांगत आलो की बापाचा हात काही तुझ्यात उतरला नाही. आणि तो हात बापाचा नव्हताच!"

"अरे—"

"त्यांना माहीत होतं. तुला माहीत होतं. तू रोज इथे दारात येऊन मला पाणी द्यायचीस, आत्या. रोज. मी तोडलेल्या तारा बघायचीस. एकदा तरी म्हणायचंस."

ते बाहेर गेले. मागच्या अंगणातलं दार आपटलं नाही, नुसतं लोटलं गेलं.

आत्याचा हात त्या तुकड्यांवर फिरत होता. एकेक पान बोटाच्या पेरावर घेऊन ती त्याच्या कडा बघत होती, आंधळं माणूस चेहरा बघतं तशी.

"हे मला कळलंच नाही गं," ती वहिनींना म्हणाली. "मला वाटायचं, मी गप्प बसते तर भावाचं राखते. पोराचं जातंय हे कुठे कळलं?"

वहिनींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्हाला कळलं नाही, मलाही कळलं नाही. तो डबा मी दर आठवड्याला पुसते."

*

चिटणीस बरोबर चार वाजता आले. माणूस नेटका. खिशाला दोन पेनं, हातात टाईप केलेला कागद, आणि कागदाला घामाचे डाग पडू नयेत म्हणून प्लास्टिकचं पाकीट. दादा अजून अंगणातच होते, म्हणून चिटणिसांपुढे भाऊ बसले. आत्या स्टुलावरून हललेली नव्हती.

"मजकूर तयारच आहे," चिटणीस म्हणाले. "फक्त तारखा तपासून द्या. ऐका. 'आगीत भस्मसात झालेला हा अमूल्य अलंकार या थोर कारागिराने आठ महिन्यांच्या अथक परिश्रमांनी एकहाती पुन्हा साकारला—'"

"एकहाती बरोबर आहे," आत्या म्हणाली. "हात दुसरा होता."

चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याचा अर्थ घरच्यांकडून समजून घ्यावा, तशा नजरेने.

भाऊंनी मघापासून या क्षणासाठी वाक्य तयार ठेवलं होतं. 'त्यांना हल्ली विसरायला होतं,' एवढं म्हटलं की काम भागणार होतं. तोंड उघडलंही त्यांनी. पण आत्या बोटं चोळत होती, डाव्या हाताची, आणि भाऊंना एकदम एक जुनी गोष्ट आठवली. ते फार लहान असताना आत्याच्या डाव्या बोटांना सदा फोड असायचे. ती त्यांना मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, फुंकर घाल. ते गाल फुगवून फुंकर घालायचे. पुढे कितीतरी वर्षं ते लोकांना सांगत, आमच्या आत्याला चुलीपाशी फार भाजायचं, धांदरट होती. धांदरट! आठ महिने सोन्याचे रवे तापवत होती ती बाई, दोन आईविना पोरं सांभाळून.

"लिहा," भाऊ म्हणाले.

"काय लिहू?"

"ती सांगेल ते. डावा मोर आणि डाख अण्णांचा. बाकी डावी बाजू अण्णांच्या बहिणीची. या ह्यांची."

"पण साहेब, आम्ही इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय... तुमच्या दुकानाची पाटीसुद्धा..."

"पाटी माझी आहे. मी बघून घेईन. हार तोच आहे ना? मग झालं."

चिटणिसांनी कागद खाली ठेवला. "मला विश्वस्तांपुढे ठेवावं लागेल," ते म्हणाले. "पुरावा मागतील."

"पुरावा मी देते," बारकी म्हणाली आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवलं.

चिटणिसांनी चष्मा काढून डोळा लावला. उजवी बाजू, मग डावी. मग पुन्हा उजवी. असं जवळजवळ दहा मिनिटं चाललं. शेवटी त्यांनी 'एकहाती' हा शब्द खोडला, आणि पेनाचं टोपण लावायच्या आधी आत्याकडे वळून जरा ओशाळून विचारलं, "एक विचारू का? त्या मूळ कारागिराने एवढं सगळं दाटीवाटीने का भरलं असेल हो? डोळ्याला उसंत नाही."

"बडबड्या असणार," आत्या म्हणाली. "देवाला किती सांगू नि किती नको असं झालं असेल त्याला. मागची फुलं बघितलीत? पुढची बाजू माणसांसाठी, मागची फक्त देवीसाठी. तिच्या गळ्याला लागते ती."

*

दादा परत आले तेव्हा चिटणीस गेले होते. कागदावर काय झालं ते वहिनींनी त्यांना अंगणातच सांगितलं होतं, आणि तिथेच उभ्या उभ्या जेवायलाही लावलं होतं. खोलीत आत्या एकटीच होती. तुटलेल्या पानांच्या जागी बोट फिरवत होती.

दादा आपल्या अर्धगोलात बसले. त्यांनी दोन तारा घेतल्या, एक टोक चिमट्यात धरलं आणि डावीकडे पीळ द्यायला लागले. तार तुटली. पुन्हा घेतल्या. पुन्हा तुटली.

"काय करतोस?" आत्याने विचारलं.

"तुझा पीळ. जुळायला नको?"

"कशाला?"

"म्हणजे?"

"मी जुन्या कारागिराचा पीळ केला का? मला जमला नाही, आणि खरं सांगू, मी प्रयत्नही केला नाही. माझ्या हाताला आला तसा वळला. तो चालला ना साठ वर्षं? तुझाही चालेल. तुझ्या हाताला येतो तसा वळ."

"वेगळं दिसेल."

"दिसू दे. तीन पानं तर आहेत."

दारात उभ्या असलेल्या बारकीने तोंड उघडलं. अहवालात 'मूळ कामाशी सुसंगत' असा शब्द असतो, त्याबद्दल ती काहीतरी बोलणार होती. मग तिने ते गिळलं. तारेच्या कामात तीन हात आहेत असं अहवालात लिहायला काय हरकत होती?

दादांनी नवी तार घेतली. आता ती उजवीकडे वळली, सहज, पाण्यासारखी. त्यांनी ती चेपली, वाकवली, पानाचं टोक वळवलं. आत्या ऐकत होती. तारेचा बारीक करकर आवाज कुठे थांबतो, कुठे पुढे जातो, यावरून तिला पान दिसत होतं. अर्ध्या तासाने दादांनी पान तिच्या तळहातावर ठेवलं.

तिने ते पेरावर घेतलं. कडेने फिरवलं. उलटं केलं, मागून पाहिलं.

दादांनी पक्कड उगाच या जागेवरून त्या जागेवर ठेवली. 

"आत्या," ते म्हणाले, "अण्णा माझ्या माघारी तरी कधी माझ्या कामाबद्दल चांगलं बोलले होते का?"

"खरं सांगू की बरं वाटेल ते सांगू?"

"खरं."

"नाही बोलला. तो स्वतःच्याच हातावर रुसलेला माणूस होता रे. रुसलेल्या माणसाला दुसऱ्याचं कौतुक सुचत नाही. तुझं काम बघितलं की त्याला माझं आठवायचं, आणि माझं आठवलं की स्वतःचं. तुझ्यापर्यंत तो पोचायचाच नाही." ती जरा थांबली. "पण हार मी केलाय. मला विचार."

दादांनी मान खाली घातली.  आत्याने हात पुढे करून त्यांचा चेहरा शोधला. गाल लागला, ओला, आणि ती तिथेच थांबली.

"हारासारखं नाहीच हे," आत्या म्हणाली. "माझा हात उतावळा होता, बघ. तुझा हात शांत आहे. ही कड बघ, एवढी शांत कड मला कधी जमली नाही. चांगलं आहे, बाळा. फार चांगलं आहे. मी हे चाळीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

 दादांनी तिचा हात धरून ठेवला, पान तसंच दोघांच्या तळव्यांमधे. बऱ्याच वेळाने, दुसऱ्या पानासाठी तार घ्यायची म्हणून, त्यांनी तो सोडला.